शिळं पाणी

या वर्षी कूलर लावायचा की नाही, यावर आमच्या घरात बरीच चर्चा झाली. पप्पा भामरागडला नोकरीवर आहेत. मी जूनमध्ये वरोऱ्याला बँकेत रुजू होणार. म्हणजे चामोर्शीच्या या घरात एकटी आई. तिच्यापुरता पंखा पुरे, असं तिचं म्हणणं. मग एका दुपारी ती स्वतःच डोक्याला ओला दुपट्टा बांधून बाजारात गेली आणि कूलरच्या जाळीत बसवायच्या नव्या ताट्या घेऊन आली. "माझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "तू जाईपर्यंत साहेबाला लागेल."

साहेब म्हणजे आमचा काळा गोल्डफिश. डोळे बाहेर आलेले, पोट पुढे, आणि कोणी काचेजवळ गेलं की गाल फुगवून असं बघणार, जणू त्या माणसाची फाईल यानेच अडवून ठेवली आहे. नाव पप्पांनी ठेवलं. त्यांच्या पाटबंधारे खात्यात म्हणे हुबेहूब असाच एक साहेब होता.

ताट्या लागल्या, टाकीत पाणी पडलं, पंखा फिरला आणि नव्या ताटीचा तो पहिल्या दिवसाचा ओला, लाकडी वास खोलीभर झाला. आम्ही साहेबाची काचेची पेटी कूलरच्या तोंडासमोर सरकवली. वाऱ्याने पेटीतल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या पडल्या. साहेब वर आला, दोनदा तोंड उघडलं, परत खाली गेला. तो आता म्हातारा झाला आहे. पूर्वी कूलर लागला की पेटीभर फिरायचा.

या वासाबरोबर मला दरवर्षी एकच उन्हाळा आठवतो. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि पप्पांची चंद्रपूरहून चामोर्शीला बदली झाली होती.

आमच्या भागात मे महिना हा बदल्यांचाही मोसम असतो. पहाटे रस्त्यावर तेंदूपत्ता तोडायला जंगलात निघालेली माणसं दिसतात, आणि ऊन चढल्यावर सामान लादलेले टेम्पो. शिक्षक, तलाठी, नर्सबाई, वनरक्षक. दोरीने बांधलेलं कपाट, उलट्या खुर्च्या, गादीच्या घडीत खोचलेला आरसा आणि त्यात दिसणारं आभाळ. शहाण्या घरांचा कूलर सगळ्यात शेवटी चढवलेला असतो, कारण तोच सगळ्यात आधी उतरवावा लागतो. आमच्याही टेम्पोत कूलर शेवटी होता. त्याच्याही नंतर, माझ्या मांडीवर, मासे.

पेटी घरात आली तेव्हा मी सातवीत होते. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसत असे. आईने समजावलं, रागावून पाहिलं. पप्पांनी काही न बोलता एक दिवस काचेची पेटी आणली आणि बाहेरच्या खोलीत, माझ्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी ठेवली. मासे चार होते: साहेब, दोन नारिंगी आणि एक पांढऱ्या शेपटीचा. थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की आलेला माणूस आधी माशांकडे बघतो. हा काळा कुठून आणला, खायला काय देता, पाणी कधी बदलता, मरत नाहीत का. पप्पा उत्तरं द्यायचे. मी पेटीच्या अलीकडे बसून पाण्यातून पलीकडच्या माणसाला बघत असे. पाण्यातून माणसांची तोंडं रुंद आणि भली दिसतात. ते माझ्याकडे वळेपर्यंत त्यांचा चहा संपलेला असायचा.

मी इंग्रजी शाळेत शिकले. आई-पप्पा माझ्याशी शुद्ध मराठी बोलत आणि आपसात आपलं बोलत. मला दोन्ही समजायचं, पण माझ्या तोंडून पुस्तकातलंच बाहेर पडायचं. मावशीकडे गेलं की तिची पोरं हसायची, "हे पाय, टीव्हीवानी बोलते." मग मी बोलणंच कमी केलं. ते सोयीचं होतं. चंद्रपूरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माझी सवय झाली होती. चामोर्शीत मात्र सगळेच पाहुणे असणार होते. पेटीशिवाय मी त्यांच्यासमोर कुठे बसणार, हे मला कळत नव्हतं. म्हणून मासे जिवंत पोचणं मला फार गरजेचं होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. सगळे समजत होते, पोरीला माशांची माया आहे. ती होतीच.

पप्पांच्या फोनवर मी वाचायला सुरुवात केली. मासे कसे हलवावेत याबद्दल लिहिणारे सगळे लोक थंड देशांतले होते. पिशवी ब्लँकेटमध्ये गुंडाळा. गाडीतला हीटर चालू ठेवा. पाणी गार होऊ देऊ नका. इथं खिडकीबाहेर चंद्रपूरचा मे होता, दुपारी नळ सोडला की चहाला चालेल असं पाणी यायचं, आणि पेटीच्या झाकणावर रोज कोळशाची काळी धूळ बसायची. तेव्हा ते सगळं मी उलटं करून वाचलं. ब्लँकेटच्या जागी ओलं पोतं. गरम पिशवीच्या जागी बर्फाची बाटली, वर्तमानपत्रात गुंडाळून, पाण्याला न लागेल अशी.

"पुरे पुरे तलाव सांभाळतो मी," पप्पा म्हणाले. "तुझी ही पेटी काय चीज आहे?"

पण कामाला लागले ते. थर्माकोलचा मोठा डबा आणला. पिशव्या दुहेरी घ्यायच्या, तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा, हे त्यांनी मासेवाल्या दुकानदाराकडून स्वतः शिकून घेतलं. पेटीतलं जुनं पाणी त्यांनी दोन कॅनमध्ये भरलं. ते पाणी पिवळसर दिसायचं, पण माशांना त्याचीच सवय होती, आणि नळाच्या पाण्यातली ब्लीचिंग पावडर त्यातून केव्हाच उडून गेली होती. पाणी गाळणारा काळा स्पंज मी न धुता, त्याच पाण्यात बुडवून, चिवड्याच्या डब्यात घेतला. घाण वाटणाऱ्या त्या स्पंजातच पाणी साफ ठेवणारे जीव राहतात. आईला तो तिच्या डब्यात बघवेना. तिने डब्यावर दोन रबर लावले आणि तो डबा पुन्हा कधी वापरला नाही.

सगळ्यात महत्त्वाची सूचना मी सगळ्यांना सांगितली होती. निघायच्या आदल्या दिवसापासून माशांना काही खायला द्यायचं नाही. पोट भरलेला मासा पिशवीतलं एवढंसं पाणी घाण करतो आणि त्यातच गुदमरतो. सगळ्यांनी मान हलवली.

पहाटे निघायचं ठरलं होतं. पण टेम्पो उशिरा आला, मग शेजारपाजारचे आले, मग चहा झाला, मग पुन्हा एकदा चहा झाला, आणि मूल गावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पप्पा स्कूटरवर मागून येत होते. पुढे टेम्पोवाले भाऊ, मी आणि आई. आईच्या मांडीवर बुद्धमूर्ती होती, नव्या घरात पहिल्यांदा तीच ठेवायची म्हणून. माझ्या मांडीवर थर्माकोलचा डबा. दोघी हात न सोडता बसलो होतो.

"डब्ब्यात काय हाये बाई?" टेम्पोवाल्या भाऊंनी विचारलं. "आइस्क्रीम?"

"मासे," मी म्हणाले.

"वा! पोचल्या पोचल्या रस्सा."

"पाळलेले हायेत भाऊ," आई म्हणाली.

भाऊंनी थोडा विचार केला. "हो, पन पाळून मंग?"

आई तोंडावर पदर धरून हसली. मीही हसले असते, पण डबा हलला असता.

त्या रस्त्याला मे महिन्यात सागाला पान नसतं. दोन्ही बाजूंना नुसत्या काठ्या उभ्या केल्यासारखं जंगल, आणि मध्येच एखादं कुसुमाचं झाड लालतांबूस. एका गावाबाहेर तेंदूपत्त्याचे पुडे ओळीने वाळत घातले होते, शेतभर. गरम हवेत त्या पानांचा वास तंबाखूच्या जवळचा येत होता. मी डब्यावरचं पोतं बाटलीतल्या पाण्याने ओलं करत होते. ते पुढच्या वळणापर्यंत कोरडं होत होतं.

मूलला थांबलो तेव्हा मी झाकण उचललं. पिशव्यांतलं पाणी दुधाळ झालं होतं. तळाशी बारीक धागे. पांढऱ्या शेपटीचा मासा एका कुशीवर कलला होता. साहेब वर येऊन पिशवीतली हवा तोंडाने पकडत होता.

आई वाकून बघत होती. "मी चिमूटभरच टाकलं होतं गं," ती हळूच म्हणाली. "सकाळी. सगळे उठून चहा पीत होते आणि हे नुसते बघत होते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चंद्रपूरच्या वरच्या मजल्यावरच्या काकू, कुठवर पोचलात विचारायला. फोन कानाला न लावता ऐकू येईल इतका त्यांचा आवाज मोठा. "अन् मासे बरे हायेत ना? म्या खाऊ घातलं वो त्याइले सकाळी. म्हटलं लांबचा रस्ता, बिचारे उपाशी काऊन धाडाचे."

स्कूटर स्टँडला लावून पप्पा येऊन उभे होते. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी रुमालाने मान पुसली.

"साहेबालाच दिलं फक्त," ते म्हणाले. "दोन दाणे."

आमच्या माणसांत घरातून निघणारा कोणी उपाशी निघत नाही. निघणाऱ्याला पोळी बांधून देतात, वर गुळाचा खडा देतात, नको म्हटलं तरी रस्त्यापर्यंत डबा घेऊन मागे येतात. मी सूचना दिली होती ती बुद्धीला पटली होती, पण सकाळी उठल्यावर त्यांच्या हाताला काही ती पटली नसावी. मला राग आला होता का? आला असेल. आता आठवतो तो पप्पांचा चेहरा. अख्ख्या तलावाचा माणूस, आणि दोन दाण्यांसाठी मान खाली.

मी एवढंच म्हणाले, "लवकर पोचायला हवं. तिथं जुन्या पाण्यात सोडलं की ठीक होतील." दोन कॅन मागे, सावलीत, गादीच्या आड होते. त्यांच्या भरवशावर मी वैनगंगेचा पूल पार केला. नदीत वाळू जास्त आणि पाणी कमी होतं.

चामोर्शीत घर कुसुमकाकूंचं. पुढचा अर्धा भाग आम्हाला भाड्याने, मागे त्या आणि त्यांचं वावर सांभाळणारा मुलगा. धानाची शेती, मागच्या वाडीत विहीर, आंब्याचं झाड, लिंबूचं झाड, आणि जनावरांचं पाणी पिण्याचं सिमेंटचं टाकं. बैल विकून ट्रॅक्टर आला होता, त्यामुळे टाकं रिकामं, तळाशी नुसती ओल. आम्ही उतरलो तेव्हा काकूंनी पुढच्या खोल्या झाडून ठेवल्या होत्या, पिण्याच्या पाण्याचा पितळी गुंड भरून ठेवला होता आणि लाईन गेली होती. संध्याकाळशिवाय येत नाही म्हणाल्या. खोलीचा स्लॅब तव्यासारखा तापला होता. मी डबा घेऊन आत शिरले, त्यातल्या त्यात थंड कोपरा शोधला, पोतं पुन्हा भिजवलं आणि जुनं पाणी आणायला बाहेर आले.

दोन्ही कॅन भिंतीला टेकवून उपडे ठेवले होते. लिंबूच्या बुडाशी ओली, फेसाळ जागा दिसत होती.

"धुऊन ठेवले वो," कुसुमकाकू आईला म्हणत होत्या. "कसं पिवळं पानी झालं होतं! फेकलं म्या. नव्या घरात शिळं पानी काऊन आनता, माय?"

आई हातात बुद्धमूर्ती घेऊन उभी होती. ती अजून आत ठेवलेली नव्हती. आई बायाबापड्यांशी नेहमी आपल्याच बोलीत बोलते. त्या दिवशी ती माझ्याशी बोलते तशी बोलली. "आमचं पाणी होतं ते, बाई."

मला वाटलं, ती माशांसाठी बोलते आहे. तिच्या मनात दुसरंही काही होतं, हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तिच्या गावात आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती. दुसऱ्या विहिरीकडे जायची वाट होती, पण त्या वाटेने कोणी जात नसे. परक्या घरी उतरल्या उतरल्या, कोणी आपलं पाणी ओतून भांडं उपडं ठेवलेलं पाहिलं, तेव्हा तिला ती वाट आठवली. परत जावं, असं एक क्षण वाटलं, म्हणाली.

कुसुमकाकूंना यातलं काही समजलं की नाही, मला आजही नक्की सांगता येणार नाही. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा मूर्तीकडे. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, विहिरीजवळ गेल्या आणि दोर-बादली आणून आईसमोर धरली.

"तुमचं का आमचं का, पानी तं पाह्यजे ना? मूर्ती ठेवून या अगोदर. मंग वढा. माह्या गुडघ्यानं होत नाई आता."

आई आत गेली. मूर्ती ठेवली. परत आली, दोर हातात घेतला आणि विहिरीच्या कडेला थोडा वेळ नुसती उभी राहिली. मग बादली खाली सोडली.

इकडे मला घाई होती. घरातल्या नळाला पावडरचा वास येत होता, ते पाणी वापरता येत नव्हतं. आईने ओढलेली पहिली बादली मी हुंगून पाहिली. वास नव्हता. कोणाला तरी विचारायला हवं होतं, आणि तिथं विचारण्यासारख्या फक्त कुसुमकाकू होत्या.

"विहिरीत पावडर टाकली आहे का?"

"पावसाच्या तोंडी टाकते पंचायतवाले. आता नाई."

मग मी टाक्याकडे गेले. आंब्याच्या दाट सावलीत होतं. आतून हिरवं शेवाळ धरलेलं, मऊ. काचेची पेटी त्या तापलेल्या खोलीत कूलरशिवाय नुसती उकळली असती. इथं पाणी भरपूर मावलं असतं आणि गार राहिलं असतं. पप्पांनाही ते पटलं. आम्ही पहिली बादली ओतणार, तेवढ्यात काकू राख आणि नारळाची शेंडी घेऊन आल्या आणि टाक्यात वाकल्या.

"घासू नका!"

एवढा मोठा आवाज माझा आहे हे मलाही तेव्हाच समजलं. टेम्पोवरून कपाट उतरवणारे भाऊ थांबले. आईच्या हातातला दोर थांबला. काकू शेंडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

"बोलते वो पोरगी!" त्या आईला म्हणाल्या. "मले वाटलं मुकीच हाये का काय." मग माझ्याकडे वळून, "काऊन नाई घासाचं? पाव्हन्याइले असं गचाळात ठेवाचं?"

मला सांगावं लागलं. हे शेवाळ घाण नाही, ते पाणी चांगलं ठेवतं. शिळं पाणी त्यांच्या सवयीचं असतं, ताज्या पाण्याने त्यांना धक्का बसतो. आता ताजंच उरलं आहे, तर ते हळूहळू द्यायचं. आणि खायला काही द्यायचं नाही. हे सगळं मी माझ्या पुस्तकी मराठीत, बहुतेक वाक्यं अर्धवट सोडत सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे घान जागा, शिळं पानी अन् उपाशी पोट," त्या म्हणाल्या. "हे कसे पाव्हने वो बापा!"

पण राख बाजूला ठेवली.

पप्पा बादली खांद्यापर्यंत उचलून उंचावरून पाणी सोडत होते, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. आई ओढत होती. मी काळा स्पंज टाक्यात सोडला, पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि त्यांची तोंडं उघडली. मग लोट्याने थोडं थोडं टाक्यातलं पाणी पिशवीत, थोडं पिशवीतलं बाहेर, लिंबूच्या झाडाला. ऊन कलेपर्यंत मी तेच करत होते. मध्ये पप्पा येऊन बसले. म्हणाले, "तुलाही या गावात असंच थोडं थोडं मिसळावं लागेल." ते प्रेमाने बोलले, पण मला ती उपमा आवडली नाही. मला कोणी एखाद्या गोष्टीसारखी म्हटलं की मी अजूनच गप्प होते. मी लोटा भरत राहिले.

साहेब पिशवीतून बाहेर पडला आणि टाक्याच्या तळाशी जाऊन कलता पडून राहिला. दोन्ही नारिंगी मासे शेवाळात घुसले. पांढऱ्या शेपटीचा दुसऱ्या दिवशी सकाळी वर तरंगत होता. पप्पांनी त्याला लिंबूच्या बुडाशी पुरलं. काकूंनी विचारलं, "काय झालं त्याले?" आई विहिरीत बघत होती, पप्पा फावडं धूत होते.

साहेब तसाच पडून होता. कल्ले हलत होते एवढंच. काकू टाक्याजवळ खाट टाकून बसल्या, मांजर येऊ नये म्हणून. टाक्यावर त्यांनी जुनं लुगडं बांधलं. दर थोड्या वेळाने मला हाक मारायच्या, "आता तरी दोन दाने टाकू का वो?" मी नाही म्हणायची. "कठीन हाये तुहं मन," त्या म्हणायच्या आणि डबीचं झाकण परत लावायच्या. मला वाटतं, कोणासाठी काही न करणं हे कुसुमकाकूंनी आयुष्यात पहिल्यांदा केलं असेल, आणि ते त्यांना फार जड गेलं.

काचेची पेटी बाहेरच्या खोलीत मांडली होती. त्यात विहिरीचं पाणी भरून, स्पंज परत बसवून, ते पाणी मुरायला ठेवलं होतं. पाणी मुरायला वेळ लागतो. तोवर पेटीत नुसतं पाणी. नव्या भाडेकरूंना बघायला शेजारच्या बाया आल्या. नेहमीप्रमाणे त्यांनी आधी पेटीकडे पाहिलं. पेटीत काही नव्हतं. मग त्यांनी पाण्यातून पलीकडे पाहिलं, तर तिथं मी.

"मासे कुठी हायेत?"

पप्पा ऑफिसला गेले होते. आई आत चहा करत होती. उठून त्यांना न्यावंच लागलं, स्वयंपाकघरातून, मागच्या दारातून, आंब्याखाली. लुगडं बाजूला करून दाखवावं लागलं. हा काळा कुठून आणला, पाणी कधी बदलता, मरत नाहीत का. ज्या प्रश्नांच्या आड मी इतकी वर्षं बसले होते, त्यांची उत्तरं आता मलाच द्यायची होती. एकीने विचारलं, "पडून काऊन राह्यला थो?" मी म्हणाले, "थकला आहे." आणि मग कशामुळे कोण जाणे, पुढे म्हणाले, "उभा राह्यन." ती बाई हसली नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, "राह्यन, राह्यन."

त्या दिवशी की त्याच्या दुसऱ्या, हे आठवत नाही, पण साहेब उभा राहिला. काकूंच्या हाकेने सगळं घर मागच्या वाडीत जमलं. तो पाण्याच्या मधोमध होता, सरळ, आणि लुगड्याच्या फटीतून आमच्याकडे गाल फुगवून बघत होता.

"आता कराची याच्याकडं अर्जी," पप्पा म्हणाले.

त्या वर्षी लिंबूला इतकी लिंबं आली की काकूंनी गल्लीभर वाटली. माशांचं पाणी झाडांना खत असतं, हे मी नंतर वाचलं. काकूंनी ते स्वतःच ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून पेटीचं बदललेलं पाणी ठरल्याप्रमाणे त्या झाडाला जातं. त्याच्या लिंबांचं पहिलं लोणचं आईला येतं. दोघी सकाळी विहिरीवर भेटतात, आई ओढते, काकू बोलतात. पप्पांची पुढे भामरागडला बदली झाली तेव्हा आम्ही सामान बांधलं नाही. तिथं पावसाळ्यात रस्ताच बंद होतो, नद्या चढल्या की गावं तुटतात. रेंज मिळाली की पप्पा फोन करतात. एकदा म्हणाले, "इथी मीच पिशवीतला मासा हाये. पानी उतरलं की सोडतीन." स्वतःसाठी ती उपमा त्यांना चालते.

आता माझी पाळी आहे. नारिंगी मासे मागेच गेले, एकामागून एक, म्हातारे होऊन. साहेब उरला आहे. एवढ्या वयाच्या माशाला या उन्हात हलवावं का, याचा मी बरेच दिवस विचार केला. आई म्हणते, राहू दे इथंच, मी बघते. पण मला आईचा हात माहीत आहे. तिचं चिमूटभर म्हणजे काय, हे मी मूलच्या स्टँडवर पाहिलं आहे. वरोऱ्याच्या खोलीत मागच्या आठवड्यात मी छोटी पेटी नेऊन ठेवली, पाणी भरून आले. घरमालक म्हणाले, "सामान कुठी हाये? नुसतं पानीच आनलं?" मी म्हणाले, "पाणी अगोदर, मग मासा, मग सामान." ते दारात उभे राहून पेटीकडे बघत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चहा गार झाला.

काल सकाळी मागचं दार वाजलं. कुसुमकाकू होत्या. आता त्यांना काठी लागते. एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने त्या एक कॅन जमिनीवरून ओढत आणत होत्या, पायरीपर्यंत. मी धावले.

"राहू दे, मी आनते," त्या म्हणाल्या, पण कॅन सोडला. पिवळसर, स्वच्छ, जुनं पाणी. लिंबूला घालायला मी गेल्या आठवड्यात पेटीतून काढून बादलीत ठेवलं होतं, ते.

"झाडाले नाई टाकलं म्या. गाळून ठेवलं तुह्यासाठी." त्यांनी झाकणावर थाप मारली. "चांगलं शिळं हाये. घेऊन जाय."

मी कॅन उचलून आत घेतला. आई स्वयंपाकघरातून बघत होती. गॅसवर वांग्याची भाजी होती, त्याचा वास दारापर्यंत आला होता.

"अन् साहेबाले काई देल्लं नाई वो," काकूंनी शपथ घेतल्यासारखं सांगितलं. "डबीले हात नाई लावला. तुही आई बी नाई लावत, म्या नजर ठेवून हाये." मग त्या पायरीवर बसल्या, काठी भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे वर बघत म्हणाल्या, "पन तू मात्र उद्या जेवून निघशीन. पोटभर. तू काई मासा नाई."